आठ जण पॉझिटिव्ह, म्हणजे गावात किती? हिपॅटायटिस बी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका चौकटीत आम्ही एवढंच छापलं होतं की ऑपरेशन किंवा बाळंतपणाआधी ग्रामीण रुग्णालयात हिपॅटायटिस बीची (यकृताला लागण करणाऱ्या, रक्तातून पसरणाऱ्या विषाणूची) तपासणी करून घ्यावी. त्यावर नागपूर जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. सारख्या पत्रांचा एकेक प्रश्न करून उत्तरं देत आहोत.

एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये वर्षभरात ४०० जणांची एचबीएसएजी (रक्तातला या विषाणूच्या आवरणाचा अंश, म्हणजे पृष्ठ-प्रतिजन शोधणारी) तपासणी झाली आणि ८ पॉझिटिव्ह निघाले, तर तालुक्यात शंभरामागे दोघांना ही लागण आहे असं ग्रामसभेत सांगता येईल का? (सामाजिक कार्यकर्ता, उमरेड)

तसं सांगू नका. रुग्णालयाचं रजिस्टर म्हणजे गावची मतदारयादी नव्हे. ही तपासणी मुळात कोणाची होते ते बघा. गरोदर बाया, हर्निया-हायड्रोसिलच्या किंवा कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला आलेले, डोळे पिवळे झालेले आणि सोनोग्राफीत यकृत बिघडलेलं दिसलं म्हणून पाठवलेले. पहिला गट बहुतेक धडधाकट तरुण बायकांचा, शेवटचे दोन आधीच आजारी असलेल्यांचे. सगळे एका बेरजेत टाकले की टक्केवारी आजारावर कमी आणि त्या वर्षी कोण जास्त आलं यावर जास्त हलते. सर्जन दोन महिने रजेवर गेले तरी आकडा बदलतो.

दुसरी गोष्ट नमुन्याच्या आकाराची. ४०० पैकी ८ म्हणजे २ टक्के हे खरं, पण इतक्या लहान नमुन्यावरून खरं प्रमाण १ टक्क्याच्या थोडं खाली ते ४ टक्क्यांच्या जवळ, यांत कुठेही असू शकतं. १०० पैकी २ असते तर हाच पल्ला पाव टक्क्यापासून ७ टक्क्यांपर्यंत ताणला गेला असता. म्हणून ‘गेल्या वर्षी २ होतं, यंदा ३ झालं, रोग वाढला’ अशी बातमी एका रुग्णालयाच्या रजिस्टरवरून करू नये.

तिसरी गोष्ट कार्डाच्या, म्हणजे झटपट निकाल देणाऱ्या तपासणीपट्टीच्या चुकीची. समजा कार्ड शंभर निरोगी माणसांमागे एकाला चुकून पॉझिटिव्ह दाखवतं. १,००० जण तपासले आणि त्यांतल्या १० जणांना खरोखर लागण आहे. ते १० बहुतेक सापडतील, पण उरलेल्या ९९० मधूनही साधारण १० खोटे पॉझिटिव्ह निघतील. रजिस्टरमध्ये २० नावं, त्यातली निम्मी चुकीची. आजार जितका विरळ, तितका हा घोळ मोठा. म्हणून प्रत्येक पॉझिटिव्ह नमुना दुसऱ्या पद्धतीने, शक्यतो एलायझाने (प्रयोगशाळेत यंत्रावर होणाऱ्या तपासणीने), पुन्हा तपासल्याशिवाय मोजायचा नाही.

देशाचे दोन आकडे हाताशी ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत घेतलेल्या रक्तनमुन्यांवर पुढे तपासणी झाली, तिच्यात एचबीएसएजीचं प्रमाण ०.९५ टक्के आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली भारतात २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी असल्याचा अंदाज आहे, म्हणजे लोकसंख्येच्या २ टक्क्यांच्या आसपास. पहिला आकडा घरोघरी घेतलेल्या नमुन्यांचा, दुसरा गणिती अंदाज. ग्रामीण रुग्णालयाचा आकडा यांच्यापेक्षा वर निघाला तर आश्चर्य नाही.

वयही बघा. ही लस देशभरच्या नियमित लसीकरणात २०११ पासून आहे. त्यामुळे आज चाळिशीत असलेला शेतमजूर आणि दहा वर्षांचा मुलगा यांचा धोका एक नाही. नुसती बेरीज द्याल तर मुलांचा चांगला आकडा मोठ्यांचा वाईट आकडा झाकून टाकेल.

मोजणी नीट करायची असेल तर वहीत इतके रकाने हवेत: वय, स्त्री की पुरुष, गाव, तपासणी कशासाठी झाली, कार्ड की एलायझा, पुन्हा तपासणीत काय आलं, आणि हा माणूस या वर्षात आधी तपासला गेला आहे का. शेवटचा रकाना सगळेच विसरतात. डायलिसिसचा किंवा वारंवार रक्त घेणारा एकच रुग्ण वर्षात चारदा तपासला जातो आणि चार पॉझिटिव्ह म्हणून मोजला जातो. ग्रामसभेत आकडा सांगायचाच असेल तर निव्वळ गरोदर स्त्रियांचा काढा. त्या जवळजवळ सगळ्याच तपासल्या जातात आणि आजारी म्हणून आलेल्या नसतात, त्यामुळे गावाच्या सगळ्यांत जवळ जाणारा आकडा तोच. तोही तरुण बायकांपुरता, पुरुषांना लावायचा नाही.

मे महिन्यात कार्ड टेस्टवर फार वेळा पुसट रेघ येते. ती पॉझिटिव्ह धरायची की नाही? (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नरखेड)

दिलेल्या वेळेत दिसली तर पुसट रेघही पॉझिटिव्हच. पण आधी ती खरी आहे का ते बघा. मे महिन्यात असं वारंवार होत असेल तर संशयित पहिला: साठवण. बहुतेक किटवर २ ते ३० अंश लिहिलेलं असतं. नागपूरकडे मेमध्ये बाहेर ४५ अंश, आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीत खोका कपाटावर ठेवलेला. कंपनीने दिलेली मुदत अशा उष्णतेसाठी नसते. किट फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. वापरण्याआधी बंद पाकीट अर्धा तास बाहेर काढून ठेवा, नाहीतर गार पट्टीवर दव धरतं. पाकीट फोडलं की कार्ड लगेच वापरायचं. आतली सिलिका जेलची पुडी फुटलेली किंवा रंग बदललेली असेल तर कार्ड टाकून द्या.

नंतर नमुना. गुठळी पूर्ण न होता सीरम (गुठळीवरचं पिवळसर पाणी) काढलं तर फायब्रिनचे, म्हणजे गुठळीतल्या प्रथिनाचे, धागे पट्टीत अडकतात, रेघ ओढल्यासारखी दिसते. लाल झालेलं, फुटलेल्या पेशींचं सीरमही त्रास देतं. थेंब मोजून टाका, ड्रॉपर उभा धरून. तिरपा धरला की थेंब लहान-मोठा पडतो. किती थेंब, किती मिनिटं, हे कंपनीगणिक बदलतं. नवी बॅच आली की माहितीपत्रक पुन्हा वाचायचं, जुन्या सवयीवर जायचं नाही.

वेळ हा तिसरा मुद्दा आणि आमच्या मते सगळ्यांत मोठा. पंधरा-वीस मिनिटांत वाचायचं कार्ड ओपीडीच्या गर्दीत तासाभराने वाचलं की पट्टी वाळते आणि रेघेसारखी सावली उमटते. टेबलावर टायमर ठेवा, आणि एका वेळी वेळेत वाचता येतील तेवढीच कार्डं लावा. ‘सी’ची (कार्ड नीट चाललं हे दाखवणारी) रेघ आली नाही तर कार्ड बाद, मग ‘टी’ची, म्हणजे तपासणीची रेघ कितीही ठळक असो.

पुसट रेघ आली की नवं कार्ड, तोच नमुना सेंट्रिफ्यूज यंत्रात पुन्हा फिरवून. तरी पुसट राहिली तर एलायझाला पाठवा आणि रजिस्टरमध्ये ‘पुनर्तपासणी बाकी’ लिहा. रुग्णाला एवढं विचाराच: मागच्या तीन आठवड्यांत हिपॅटायटिस बीची लस घेतली का? लशीत हाच पृष्ठ-प्रतिजन असतो, त्यामुळे १८ दिवसांपर्यंत रिपोर्ट तात्पुरता पॉझिटिव्ह येऊ शकतो. नर्सिंगच्या मुलींमध्ये हा गोंधळ हमखास होतो, कारण प्रवेशाच्या वेळी लस आणि रक्ततपासणी एकाच आठवड्यात उरकतात.

आणि रिपोर्टवर कधीही नुसतं ‘बी पॉझिटिव्ह’ लिहू नका. घरी गेल्यावर तो रक्तगट समजला जातो.

बायकोला सातवा महिना आहे. हिपॅटायटिस बी निघालं. गावात सांगतात, मूल वाचणार नाही. आम्ही काय करावं जी? (कुही)

मूल वाचतं, आणि लागणीपासूनही वाचवता येतं. फक्त वेळ पाळावी लागते.

आता, या महिन्यात: व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणारी एचबीव्ही डीएनएची तपासणी, आणि एएलटी (यकृताला इजा आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी). लोड मिलिलिटरला २ लाख आंतरराष्ट्रीय एककांहून जास्त असेल तर २८ व्या आठवड्यापासून टेनोफोविर ३०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी देतात. सातवा महिना म्हणजे हीच वेळ, म्हणून पुढच्या तपासणीची वाट बघू नका. गोळी केव्हा थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. बाळंतपण झालं, आता कशाला, म्हणून मनाने बंद करायची नाही.

बाळंतपण रुग्णालयातच करा, आणि दिवस भरायच्या आधीच ठरवून ठेवा. निव्वळ या कारणासाठी सिझेरियनची गरज नाही. दाखल होताना पहिल्याच सिस्टरला कागद दाखवा. बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत, खरं तर पहिल्या १२ तासांत, दोन सुया: एका मांडीत हिपॅटायटिस बी लस ०.५ मिली, दुसऱ्या मांडीत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं) ०.५ मिली. लस सरकारी रुग्णालयात असतेच. इम्युनोग्लोब्युलिन दर ठिकाणी नसतं. म्हणून महिनाभर आधी विचारा, आणि नसेल तर नागपूरच्या डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत नाव नोंदवायचं का ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. रविवारी रात्री बाळंतपण झालं आणि ‘लसवाली सिस्टर सोमवारी येईल’ असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. इथेच सगळं बिनसतं. इम्युनोग्लोब्युलिन नाही म्हणून लसही थांबवतात, तेही चूक. लस वेळेत पडलीच पाहिजे.

पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची लस. त्यात हिपॅटायटिस बी असतंच. नवव्या ते बाराव्या महिन्यात बाळाचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (लशीने संरक्षण तयार झालं का ते दाखवणारी प्रतिपिंडं) तपासा. त्याआधी तपासलं तर आईकडून आणि इम्युनोग्लोब्युलिनमधून आलेल्या प्रतिपिंडांमुळे अर्थ लागत नाही. अंगावर पाजायला हरकत नाही. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर ते बरं होईपर्यंत त्या बाजूने पाजू नका.

एवढा आटापिटा कशासाठी? आईच्या रक्तात ‘ई’ प्रतिजन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) असेल आणि काहीच केलं नाही तर दहापैकी सात ते नऊ बाळांना लागण होते, आणि जन्मताच लागण झालेल्यांपैकी ९० टक्क्यांत ती आयुष्यभर राहते. मोठ्या माणसाला लागण झाली तर ५ टक्क्यांहून कमी जणांत राहते. आणि तुमचीही तपासणी करून घ्या. निगेटिव्ह आलात तर लशीचे तीन डोस.

सासऱ्यांना हिपॅटायटिस बी आहे. ताट-वाटी वेगळी केली आहे. पुरे का? (काटोल)

ताट-वाटी एकत्र करा. जेवणातून, पाण्यातून, एका ग्लासातून, खोकल्यातून हा पसरत नाही. वेगळं करायचं ते ब्लेड, दाढीचा रेझर, टूथब्रश, नेलकटर आणि ग्लुकोमीटरची सुई. विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस टिकतो, म्हणून रक्त सांडलं तर आधी त्यावर जुनं कापड किंवा कागद टाका, १ टक्का हायपोक्लोराइट ओता, दहा मिनिटांहून जास्त थांबा, मग हातमोजे घालून पुसा. बाजारात ५ टक्क्यांचं द्रावण मिळतं, त्याच्या एका भागात चार भाग पाणी. ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरभर पाण्यात साधारण ३३ ग्रॅम, तीही ताजी. ओलसर होऊन गोळा झालेल्या पावडरीत क्लोरीन उरलेला नसतो. द्रावण रोज नवं करायचं.

घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि निगेटिव्ह असतील त्यांना लस. सासूबाईंची आधी. सलूनमध्ये ब्लेड समोर बदलून घ्या, जत्रेत गोंदवून घेणार असाल तर सुई आणि शाई दोन्ही नवी. स्पिरिटचा बोळा फिरवून सुई शुद्ध होत नाही.

रक्तदान शिबिरात कळलं. तब्येत ठणठणीत. डॉक्टर म्हणतात औषध नको, भाऊ म्हणतो मुंबईला जा. (हिंगणा)

डॉक्टर बरोबर असू शकतात, पण ‘औषध नको’ म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’ नव्हे. आधी सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तरच जुनाट लागण म्हणतात. सोबत एएलटी, एएसटी (हीही यकृताचीच तपासणी), प्लेटलेट, ‘ई’ प्रतिजन, व्हायरल लोड आणि पोटाची सोनोग्राफी.

औषधाचा निर्णय ढोबळमानाने असा होतो. लोड मिलिलिटरला २,००० एककांच्या वर आणि एएलटी वाढलेलं, तर औषध. यकृत आकसलेलं, म्हणजे सिरॉसिस असेल तर लोड कितीही असो, औषध. एएलटीची मर्यादा पुरुषांत ३० आणि स्त्रियांत १९ धरतात. पुष्कळ लॅबच्या छापील रिपोर्टवर ४० किंवा त्याहून वर असते आणि ३८ आलेला माणूस ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातो. आणखी एक हिशोब साध्या रक्ततपासणीवर होतो: एएसटीला लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा, १०० ने गुणा, प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याने भागा. एएसटी ६०, मर्यादा ४०, प्लेटलेट दीड लाख, तर उत्तर १. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे ०.५ च्या वर गेलं की यकृतात जाळं धरल्याचा संशय घ्यायचा, आणि १ च्या वर सिरॉसिसचा.

मुंबईला जायची गरज नाही. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. जवळचं उपचार केंद्र ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत विचारा. औषध सुरू झालं तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविर, वर्षानुवर्षं. मधेच बंद केलं तर विषाणू उसळतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत जाऊ शकतं, असे रुग्ण दगावतात. औषध नसेल तरी सहा महिन्यांनी तपासणी, दारू बंद, आणि कर्करोगाची किमो किंवा जास्त स्टिरॉइड घ्यायची वेळ आली तर त्या डॉक्टरांना ही गोष्ट पहिल्या वाक्यात सांगायची. रक्तदान मात्र पुन्हा करता येणार नाही.

नर्सिंग होममध्ये कचरा बांधताना बाईला सुई टोचली. मालक म्हणतात टिटॅनस दिलं, झालं. (नागपूर)

झालं नाही. जागा साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच लावू नका. सुई कोणाची ते कळत असेल तर त्या रुग्णाचं एचबीएसएजी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी तपासा. लस न घेतलेल्या माणसाला टोचलेल्या सुईतून लागण होण्याची शक्यता एचआयव्हीत साधारण ०.३ टक्के, सी मध्ये ३ टक्के, बी मध्ये ३० टक्क्यांपर्यंत. भीती मात्र एचआयव्हीचीच बाळगतात.

बाईंनी लस घेतली नसेल आणि रुग्ण पॉझिटिव्ह असेल तर इम्युनोग्लोब्युलिन किलोमागे ०.०६ मिली, म्हणजे ५० किलोला ३ मिली, शक्यतो २४ तासांत आणि सात दिवसांच्या आतच. त्याच दिवशी दुसऱ्या दंडात लशीचा पहिला डोस. एचआयव्हीची औषधं लागणार असतील तर ७२ तासांची मर्यादा आहे, पण पहिल्या दोन तासांत सुरू केलेली बरी. सहा महिन्यांनी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (कधी लागण झाली होती का ते दाखवणारी तपासणी). सुई कचऱ्याच्या पिशवीत आली कशी, हे मालकांना विचारा. ती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात हवी होती.

मुलाला सिकलसेल आहे, वर्षात दोन-तीनदा रक्त चढवावं लागतं. रक्तपेढीतलं रक्त तपासलेलं असतं ना? (उत्तर नागपूर)

असतं. प्रत्येक पिशवीचं एचबीएसएजी होतं. पण लागण झाल्यापासून ते दिसायला सरासरी चार आठवडे लागतात, आणि त्या काळात दिलेलं रक्त निसटू शकतं. एनएटी (विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी) तपासणी ही फट कमी करते, पूर्ण बंद करत नाही. म्हणून विदर्भातल्या सिकलसेलच्या मुलांनी लशीवरच भिस्त ठेवावी. लहानपणी डोस झाले असले तरी अँटी-एचबीएस मोजा. १० च्या खाली असेल तर बूस्टर. एचबीएसएजी, सी आणि एचआयव्ही वर्षातून एकदा. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध नियमित घेतल्याने रक्त चढवण्याचीच वेळ कमी येते, ते चुकवू नका.

लशीचा दुसरा डोस घेऊन वर्ष झालं, तिसरा राहिला. पुन्हा पहिल्यापासून? (सावनेर)

नाही, तिसरा घ्या, झालं. मोठ्यांना १ मिली, दंडात. कुल्ल्यात घेतलेला डोस चरबीत जातो आणि प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही, तसा दिला असेल तर तो धरू नका. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासा, विशेषतः चाळिशी ओलांडली असेल किंवा मधुमेह असेल तर. विकत आणणार असाल तर उन्हाळ्यात औषध दुकानदार कुपी थेट बर्फाच्या पुडक्याला टेकवून देतो, ते नको. ही लस उष्णतेपेक्षा गोठण्याने लवकर बाद होते. पुडकं कागदात गुंडाळा, कुपी मध्ये कापड घालून ठेवा आणि त्याच दिवशी टोचून घ्या.